एकाच अक्षराची भावंडे

इ.स. ७७८. फ्रँक लोकांचा राजा चार्ल्स, जग ज्याला पुढे शार्लमेन म्हणून ओळखू लागले तो, स्पेनच्या स्वारीवर होता. गरोदर राणी हिल्डेगार्डला त्याने प्वातिए शहराजवळच्या शास्नय येथील वाड्यात मागे ठेवले होते. तेथे तिला जुळे मुलगे झाले. एकाचे नाव लुई ठेवले गेले, दुसऱ्याचे लोथार.

दोन्ही नावे एकाच अक्षराची. आजच्या मराठी घरातल्या जुळ्यांच्या बारशाला यात कोणालाच काही वेगळे वाटले नसते. पण ७७८ मध्ये ज्याने ज्याने ही नावे ऐकली असतील, त्याच्या भुवया उंचावल्या असणार. कारण या घराण्यात तोवर कोणीही लुई नव्हता आणि कोणीही लोथार नव्हता. या घराण्याची नावे होती पेपिन, चार्ल्स, कार्लोमन, द्रोगो, ग्रिफो. लुई आणि लोथार ही नावे होती अवघ्या २७ वर्षांपूर्वी चार्ल्सच्या बापाने सिंहासनावरून खाली ओढलेल्या घराण्याची.

ज्यांचे राज्य घेतले त्यांचीच नावे आपल्या पाळण्यात का घातली गेली? आजचा धागा त्याविषयी.

आधी एक भेद स्पष्ट केलेला बरा. आपल्याकडे नावाचे आद्याक्षर ही परंपरेने घराण्याची मालमत्ता नव्हे. अवकहडा चक्रात २७ नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांना मिळून १०८ अक्षरे वाटून दिलेली आहेत. अश्विनीच्या चरणांना चू, चे, चो, ला. मूल ज्या चरणावर जन्मले, ते अक्षर त्याचे. म्हणजे अक्षर येते आकाशातून, आणि सख्ख्या भावंडांना एकच अक्षर मिळाले तर तो निव्वळ योगायोग. थोरलीचे नाव ‘स’चे आहे म्हणून धाकट्यासाठीही ‘स’चीच यादी काढणे, ही पत्रिकेला बगल देणारी अलीकडची हौस आहे.

प्राचीन जर्मानिक टोळ्यांमध्ये याच्या नेमके उलट होते. तेथे आद्याक्षर येई बापाकडून, आजाकडून, क्वचित आईच्या माहेराहून. तेथे ती हौस नव्हती, तो वारसाहक्क होता.

या लोकांची नावे बहुधा दोन तुकड्यांची असत. ‘ख्लोड’ म्हणजे कीर्तिमान, ‘खिल्ड’ म्हणजे युद्ध, ‘बर्ट’ म्हणजे तेजस्वी, ‘हार’ म्हणजे सैन्य, ‘रिक’ म्हणजे सत्ताधीश. बापाच्या नावातला एक तुकडा उचलायचा, त्याला दुसरा जोडायचा आणि मुलाचे नाव करायचे. जोडलेल्या नावाचा अर्थ लागलाच पाहिजे असे बंधन नव्हते. ‘हिल्डेगुंड’ या स्त्रीनामाचे दोन्ही तुकडे युद्धवाचकच आहेत, म्हणजे शब्दशः ‘युद्ध-युद्ध’. अर्थापेक्षा नाद महत्त्वाचा, आणि नादातही आरंभ महत्त्वाचा. आपल्या ओवीचा जीव चरणाच्या शेवटी येणाऱ्या यमकात असतो. त्यांच्या कवितेत ओळ बांधली जाई ती शब्दांच्या आरंभीच्या समान ध्वनीने. त्यामुळे एकाच ध्वनीने सुरू होणारी बापलेकांची आणि भावाभावांची नावे भाटाच्या एका ओळीत सहज बसत. ज्या समाजात वंशावळ कागदावर नसून कानात असते, तेथे ही सोय लहान नव्हती.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण बर्गंडीचे. इ.स. ५०० च्या सुमारास बर्गंडियन राजा गुंडोबाद याच्या कायदेसंग्रहात पूर्वजांची नावे नोंदवली आहेत : गिबिका, गुंडोमार, गिस्लाहार, गुंडाहार. सगळी ‘ग’ची. सातशे वर्षांनी, १२०० च्या आसपास, ‘नीबेलुंगनलीड’ हे जर्मन महाकाव्य लिहिले गेले, तेव्हा त्यातले बर्गंडीचे तीन भाऊ होते गुंथर, गेर्नोट आणि गिझेलहेर. राज्य केव्हाच लयाला गेले होते, पराक्रमांचे तपशील दंतकथेत विरघळले होते, पण ‘ग’ मात्र शाबूत राहिला होता.

आता शेजारच्या फ्रँकांकडे. लुई आणि लोथार ही नावे मुळात यांची.

इ.स. ४८१ च्या सुमारास फ्रँकांच्या मेरोविंजियन घराण्यातला एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा गादीवर आला. इतिहासात तो क्लोविस म्हणून परिचित आहे. त्याचा बाप खिल्डेरिक. स्वतः क्लोविसचे मूळ नाव ख्लोडोवेख असे काहीसे उच्चारले जाई. लॅटिन लेखनिक या आरंभध्वनीसाठी ‘सी’ आणि ‘एच’ अशी दोन रोमन अक्षरे जोडून लिहीत. घशातून घासत येणारा, उर्दूतल्या ‘ख़’च्या जवळचा तो ध्वनी होता. क्लोविसची राणी क्लोटिल्ड बर्गंडीच्या त्या ‘ग’ घराण्यातली लेक. तिचा पहिला मुलगा इंगोमेर बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या वस्त्रातच दगावला. त्यानंतरचे तीन मुलगे : ख्लोडोमेर, खिल्डेबर्ट, ख्लोथार. क्लोविसला आधीच्या संबंधातून झालेला थोरला थ्युडेरिक या अक्षराबाहेरचा.

५११ मध्ये क्लोविस वारला आणि राज्य चौघांत वाटले गेले. येथे या नामपद्धतीची दुसरी बाजू दिसू लागते. फ्रँकांमध्ये थोरल्यालाच गादी असा नियम नव्हता. राजाचा प्रत्येक मुलगा राजा होऊ शकत होता. ओळख पटवणाऱ्या दोन खुणा होत्या : खांद्यावर रुळणारे, कधीही न कापलेले केस आणि घराण्याचे नाव. म्हणजे जे अक्षर ‘हा आपल्यातला’ असे सांगत होते, तेच अक्षर ‘हा वाटा मागणार’ असेही सांगत होते.

५२४ मध्ये ख्लोडोमेर बर्गंडियनांविरुद्धच्या लढाईत पडला. मागे तीन लहान मुलगे राहिले : थ्युडोआल्ड, गुंथार आणि ख्लोडोआल्ड. त्यांना आजी क्लोटिल्डने आपल्याजवळ पॅरिसला वाढवायला घेतले. पुढे काय झाले ते तूर्चा बिशप ग्रेगरी याने त्याच शतकात लिहून ठेवले आहे. खिल्डेबर्ट आणि ख्लोथार या दोघा काकांनी, मुलांना गादीवर बसवायचे आहे असे सांगून, त्यांना आजीकडून मागवून घेतले. मग आजीकडे एक दूत पाठवला. त्याच्या एका हातात कात्री होती, दुसऱ्या हातात नागवी तलवार. नातवांचे केस कापून त्यांना राजपदाला मुकवायचे की मारायचे, हे तिने सांगावे. शोकाने आणि संतापाने भान हरपलेली क्लोटिल्ड बोलून गेली, की राज्य मिळणार नसेल तर केस कापलेले पाहण्यापेक्षा ते मेलेले बरे. दूत तेवढेच वाक्य घेऊन परतला. ख्लोथारने पुतण्यांना स्वतःच्या हाताने मारले. ग्रेगरी सांगतो, एकाचे वय दहा होते, दुसऱ्याचे सात. दुसऱ्याने खिल्डेबर्टच्या पायांना मिठी मारली होती. खिल्डेबर्ट विरघळलाही होता, पण भावाच्या दरडावणीपुढे त्याने मुलाला दूर लोटले.

तिसरा, ख्लोडोआल्ड, काही स्वामिनिष्ठांच्या मदतीने निसटला. त्याने आपले केस आपल्याच हाताने कापले आणि धर्मसेवा पत्करली. राज्यावर हक्क सांगायचा नाही, याची याहून स्पष्ट घोषणा त्या काळी असू शकत नव्हती. पण केस कापता येतात. नावाचे आद्याक्षर कापता येत नाही. ते त्याच्यासोबत राहिले, आणि कुठवर राहिले ते पुढे येईलच.

ख्लोथारने आणखी एक गोष्ट केली. मेलेल्या भावाची विधवा गुंथ्यूक हिच्याशी त्याने लग्न केले, आणि इतर राण्यांपासूनच्या मुलांसह त्याच्या मुलांत गुंथार आणि गुंट्राम ही नावे दिसू लागतात. बर्गंडीचे ‘ग’ फ्रँकांच्या पाळण्यात आले. ५३४ पर्यंत बर्गंडीचे राज्यही फ्रँकांच्या घशात गेले होते, आणि पुढे वाटणीत तो भाग आला तो नेमका गुंट्रामच्या वाट्याला. मुलखाआधी मुलखाचे अक्षर ताब्यात घ्यावे, असा हा हिशेब असावा.

मुलींचे काय? त्यांच्या नावांतही हे तुकडे फिरत. पण अक्षराचा जोर खरा दिसतो तो बाहेरून आलेल्या सुनेवर, आणि त्याचे उत्तम उदाहरण इंग्लंडमधले आहे. त्या कवितेच्या नियमात कोणताही स्वर कोणत्याही स्वराशी जुळे, म्हणून इंग्लंडच्या वेसेक्स घराण्यात स्वरांनी सुरू होणारी नावे चालत. राजा एथेलरेडने पहिल्या राणीच्या मुलांची नावे ठेवली एथेलस्टन, एग्बर्ट, एडमंड, एड्रेड, एड्विग आणि एडगर. पूर्वीच्या राजांची जणू हजेरीच. १००२ मध्ये त्याने नॉर्मंडीच्या एमाशी लग्न केले. एमा हेही स्वरानेच सुरू होणारे नाव. अक्षराची अडचण नव्हती. तरीही ते परके होते, आणि इंग्लंडच्या राजपत्रांत ती एल्फगिफू झाली. एथेलरेडच्या आजीचे नाव तेच, आणि आधीच्या बायकोचेही तेच. सवतीचे नाव अंगावर घेऊन वावरणाऱ्या या राणीला काय वाटत असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. ताटातल्या तांदळांत बोटाने लिहिलेले नवे नाव घेऊन सासरी उभ्या राहिलेल्या मराठी मुलींच्या कित्येक पिढ्यांना ते सांगावे लागणार नाही.

आता पुन्हा शार्लमेनच्या घराकडे.

मेरोविंजियन राजे उत्तरकाळात नामधारी झाले होते. सातारा आणि पुणे यांचे नाते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही : गादी एकीकडे, कारभार दुसरीकडे. फ्रँकांचा कारभार ज्या घराण्याकडे होता त्यातल्या पेपिनने ७५१ मध्ये पेशवाईने कधी न उचललेले पाऊल उचलले. शेवटचा राजा खिल्डेरिक तिसरा याचे लांब केस कापून त्याला मठात धाडले आणि पेपिन स्वतः राजा झाला. क्लोविसच्या बापाचे नाव खिल्डेरिक, आणि वंशाच्या शेवटच्या राजाचेही खिल्डेरिक. पावणेतीनशे वर्षे जपलेले ते ‘ख’ तेथे संपले.

पेपिनच्या दोन मुलांची नावे चार्ल्स आणि कार्लोमन. दोन्हींचा पहिला तुकडा एकच, ‘कार्ल’. ७६८ मध्ये राज्य दोघांत वाटले गेले आणि लगेच दोघांचे बिनसले. ७७१ मध्ये कार्लोमन अचानक वारला. त्याची विधवा गेरबर्गा लहान मुलांना घेऊन आल्प्सपलीकडे लोंबार्डांच्या राजाकडे पळाली. दिराविषयी तिचा अंदाज काय होता, ते यावरून कळते. ७७४ पर्यंत चार्ल्सने लोंबार्डांचे राज्य जिंकले आणि ती मुले त्याच्या हाती आली. त्यानंतर त्यांचा कोठेही उल्लेख नाही.

चार्ल्सच्या स्वतःच्या मुलांच्या नावांची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. त्याच्या पहिल्या मुलाचे नाव पेपिन, म्हणजे आजाचे, राज्य स्थापणाऱ्याचे. हा मुलगा हिमिल्ट्रुड नावाच्या स्त्रीपासून झालेला आणि पाठीला कुबड असलेला. पुढे हिल्डेगार्डपासून झालेल्या एका मुलाचे नाव ठेवले कार्लोमन. ७८१ मध्ये चार्ल्स या कार्लोमनला घेऊन रोमला गेला आणि पोप हेड्रियनच्या हस्ते त्याचा बाप्तिस्मा करवला. त्या वेळी मुलाचे नाव बदलण्यात आले. नवे नाव : पेपिन. थोरला पेपिन जिवंत होता, दरबारात होता, बारा-एक वर्षांचा असेल. एका बापाच्या दोन जिवंत मुलांना एकच नाव मिळाले, आणि त्यातल्या कोणाला राज्य मिळणार नाही हे कोणीही मोठ्याने न बोलता सर्वांना कळले. ७९२ मध्ये या थोरल्या पेपिनने बापाविरुद्ध कट केला. तो फसला, त्याचे केस उतरवले गेले आणि उरलेले आयुष्य त्याने प्रूमच्या मठात काढले. इतिहासकार त्याच्या बंडाची कारणे अनेक देतात. रोममधले ते बारसे त्यांत फार खाली ढकलता येणार नाही.

या पार्श्वभूमीवर ७७८ चे जुळे पाहिले की त्यांची नावे हौसेची वाटेनाशी होतात. लुई म्हणजे ख्लोडोवेख, म्हणजेच क्लोविस. लोथार म्हणजे ख्लोथार. ज्यांचे राज्य घेतले त्यांचे रक्त आपल्यात नाही, ही नव्या घराण्याची बोच होती. रक्त आणता येत नव्हते. नाव आणता येत होते. मुलांचा जन्म झाला तो मुलूख अ‍ॅक्विटेनचा, नुकताच अंकित केलेला, आणि प्वातिएच्या जवळच, वुइए येथे, क्लोविसने ५०७ मध्ये व्हिसिगॉथांना हरवून हा मुलूख जिंकला होता. नावे ठेवताना चार्ल्सने कारण नोंदवलेले नाही, परंतु तीन वर्षांनी, ७८१ मध्ये, चिमुकला लुई अ‍ॅक्विटेनचा राजा म्हणून जाहीर झाला, हे पुरेसे बोलके आहे.

लोथार मात्र तान्हेपणीच गेला. लुईच्या मध्ययुगीन चरित्रकाराने त्याच्यासाठी एखाद-दुसरे वाक्य खर्च केले आहे. राणी हिल्डेगार्डने नऊ मुलांना जन्म दिला आणि ७८३ मध्ये, जेमतेम पंचविशीत, तीही वारली.

७९५ मध्ये लुईला पहिला मुलगा झाला. त्याने त्याचे नाव ठेवले लोथार. ते जुन्या राजासाठी होते की ज्याचा चेहराही त्याला आठवत नसेल त्या जुळ्या भावासाठी, हे ठरवता येत नाही. येथे भोसले घराणे आठवल्यावाचून राहत नाही. मालोजीराजांच्या दोन मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी. अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला केलेल्या नवसावरून ती ठेवल्याचे परंपरा सांगते. दोन्ही ‘श’ची, पण हे ‘श’ नवसातून आलेले. शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत पडले. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीला मारले गेले, आणि १६५७ मध्ये महाराजांना पहिला मुलगा झाला तेव्हा त्याचे नाव संभाजी ठेवले गेले. तंजावरला व्यंकोजीराजांच्या मुलांत शहाजी आणि सर्फोजी ही जोडी पुन्हा एकत्र दिसते. सर्फोजी, शरभोजी ही शरीफजी या नावाचीच रूपे. आजोबा आणि त्यांचे रणात पडलेले भाऊ, दोघेही एकाच घरात परत आले. येथे मात्र नावे आपलीच होती, कोणाकडून घेतलेली नव्हती.

दरम्यान फ्रँकांच्या त्या मूळ अक्षराचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. घशातला तो ‘ख’ शार्लमेनच्या काळापर्यंत मवाळ होऊन ‘ह’ झाला होता. लेखनिक ‘ह्लुडोविकस’, ‘ह्लोथारियस’ असे लिहीत. पुढे तो ‘ह’देखील गळून पडला. जर्मनमध्ये राहिले लुडविग, फ्रेंचमध्ये लुई. ज्या आद्याक्षरासाठी एवढा खटाटोप झाला ते आद्याक्षरच उडून गेले, आणि त्याच्यामागे निमूटपणे उभा असलेला ‘ल’ पहिला झाला. फ्रान्सच्या राजांचे अठरावे लुईपर्यंत चालत आलेले क्रमांक या ७७८ च्या लुईपासून मोजले जातात. म्हणजे क्लोविस आणि चौदावा लुई हे एकाच नावाचे राजे आहेत, हे सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येणार नाही.

लुईच्या मुलांनी, म्हणजे लोथार, लुई आणि त्यांचा सावत्र भाऊ चार्ल्स यांनी, बाप गेल्यावर साधारण वर्षभराने, जून ८४१ मध्ये, फोन्तनुआ येथे एकमेकांविरुद्ध लढाई केली. ‘ल’चे दोघे भाऊ समोरासमोर होते आणि धाकटा लुई सावत्र भावाच्या बाजूने उभा होता. ८४३ मध्ये व्हर्दंच्या तहाने साम्राज्याचे तीन तुकडे झाले. मधला पट्टा लोथारला मिळाला. ८५५ मध्ये त्याच्या मुलांत त्याचेही तीन तुकडे झाले, आणि उत्तरेकडचा तुकडा गेला त्याच नावाच्या मुलाकडे, दुसऱ्या लोथारकडे. त्या मुलखाला लोथारिंगिया म्हणू लागले. जर्मनमध्ये लोथ्रिंगेन, फ्रेंचमध्ये लोरेन. १८७१, १९१९, १९४०, १९४५ : या मुलखाचा काही भाग फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात इकडून तिकडे होत राहिला, तो याच नावाने.

आणि ख्लोडोआल्ड, ज्याने आपले केस आपल्या हाताने कापले होते, तो पुढे संत मानला गेला. पॅरिसच्या पश्चिमेला सीन नदीकाठी तो राहिला त्या गावाला त्याचे नाव मिळाले. आजचा उच्चार सँ-क्लू.